जीप घोटाळा : एका पाठांतराची चिकित्सा

‘स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा’ हे शब्द कानावर पडले की पुढे काय येणार, हे मराठी वाचकाला आता सांगावे लागत नाही. १९४८ साल, लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन, दोन हजार जीप, ऐंशी लाख रुपये, आणि प्रत्यक्षात आलेल्या एकशे पंचावन्न. पाच गोष्टी, एका दमात. मग मुंदडा प्रकरण, मग बोफोर्स, मग टू-जी. आणि वक्ता ज्या पक्षाकडे झुकलेला असेल त्यानुसार यादी कुठे थांबवायची ते ठरते. अग्रलेखात हा परिच्छेद असतो, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकात असतो, दिवाळी अंकातल्या ‘भ्रष्टाचाराची पंच्याहत्तर वर्षे’ छापाच्या लेखात तर असतोच असतो. शब्दांचा क्रमही बहुधा बदललेला नसतो.

आम्ही दोघेही नागपुरात मराठी शिकवतो आणि वर्षाकाठी चार-सहा वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक म्हणून बसतो. विद्यार्थ्यांविषयी आमची तक्रार नाही. ती मुले जे छापील सापडते ते पाठ करतात. तक्रार आहे ती छापणाऱ्यांविषयी. ज्यांना आपण विचारवंत, संपादक, स्तंभलेखक म्हणतो त्यांनी या प्रकरणाचा एक मंत्र करून टाकला आहे, आणि मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो. आम्हाला तो विचारायचा आहे. या एका प्रकरणात, नीट वाचले तर, सरकारने वस्तू कशी विकत घ्यावी, हिशेब कोणाला द्यावा आणि तो न दिल्यास काय व्हावे याचा सगळा धडा आहे. पाठांतरात नेमका तोच गळून पडतो.

आधी ऐंशी लाखांविषयी. हा आकडा सर्रास ‘ऐंशी लाखांचा घोटाळा’ असा येतो, म्हणजे कोणीतरी ऐंशी लाख खाल्ले असा त्याचा अर्थ होतो. साधा गुणाकार करून पाहावा. दुरुस्त केलेल्या दोन हजार जीप, प्रत्येकी तीनशे पौंड, म्हणजे सहा लाख पौंड. त्या काळी रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स होता. म्हणजे पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. गुणाकार बरोबर ऐंशी लाखांवर येतो. तात्पर्य, ऐंशी लाख ही संपूर्ण सौद्याची किंमत आहे, नुकसानीची रक्कम नव्हे. ज्या संपादकाने हा हिशेब आयुष्यात एकदाही केला नाही त्याने सरकारी हिशेबातल्या गोंधळावर अग्रलेख लिहावा, यातली गंमत आम्हाला सोडवत नाही.

दुसरी गोष्ट. नव्या जीप सोडून जुन्या का, आणि अमेरिका सोडून लंडन का? पाठांतरात हा प्रश्नच नसतो, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की मेनन यांना जुनी गाडी घेण्याची हौसच होती. वस्तुस्थिती अशी की जीप ही अमेरिकी वस्तू, ती विकत घ्यायची तर डॉलर हवेत, आणि १९४८ साली डॉलरचा दुष्काळ होता. आपल्या गाठीशी होते ते युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेले स्टर्लिंग. आणि ब्रिटनने ऑगस्ट १९४७ मध्ये स्टर्लिंगचे डॉलरमध्ये रूपांतर करण्याची सोय बंद केली होती. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या असंख्य गाड्या युरोपात धूळ खात पडल्या. म्हणजे पौंड देऊन वापरलेल्या जीप घेण्याची कल्पना मुळात वेडगळ नव्हती. दैनंदिन व्यवहारात आपण सगळे हेच करतो: नवे परवडत नाही म्हणून चांगले जुने शोधतो.

प्रश्न इथून पुढे सुरू होतो. चांगले जुने शोधण्याची एक रीत असते आणि ती विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात ठाऊक असते. काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार जुनी जीप घ्यायला निघतो तेव्हा सोबत आपला मिस्त्री नेतो. मिस्त्री आधी गाडीखाली शिरतो, पाटे पाहतो, चासीला कुठे वेल्डिंग मारले आहे का ते बोटाने चाचपतो. मग इंजिन सुरू करून मागे जाऊन उभा राहतो. धूर निळा असला की त्याचे तोंड वाकडे होते. पुढच्या चाकांना खरोखर जोर जातो का, हे पाहायला गाडी नांगरलेल्या वावरात घातली जाते. चासीवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर ताडून पाहिला जातो. विकणाऱ्याची गावात पत काय, त्याने याआधी कोणाला काय विकले, याची चौकशी चहाच्या टपरीवर होते. एवढे सगळे झाल्यावर इसार. तोही जपून, उरलेली रक्कम गाडी दारात आल्यावर.

लंडनमध्ये यांतले काय झाले? ज्या कंपनीशी करार झाला तिचे भागभांडवल इतके किरकोळ होते की तेवढ्या पैशांत करारातल्या तीन जीपसुद्धा आल्या नसत्या. तिची पत तपासली गेली नाही. खरेदीची जी ठरलेली सरकारी रीत होती ती बाजूला ठेवून उच्चायुक्तांनी सही केली. माल येण्याआधी पैसे गेले. तपासणीची अट अशी सैल ठेवली गेली की तिचा उपयोग विकणाऱ्यालाच व्हावा. आणि शेवटी ज्या एकशे पंचावन्न जीप भारतात उतरल्या त्या सैन्याला वापरता येण्याजोग्या नव्हत्या. नंतर हे नुकसान भरून काढण्यासाठी दुसऱ्या एका कंपनीशी एक हजार सात जीपचा करार झाला, तोही वाढीव दराने. दोन वर्षांत तिच्याकडून आल्या एकोणपन्नास. पहिल्या ठेचेने शहाणे होतात ते निराळे.

या ठिकाणी आम्हाला एक तुलना करावीशी वाटते, आणि ती पाठांतरवाल्यांच्या लक्षात कधी आलेली नाही याचे आश्चर्य वाटते. समजा, आज नागपूरच्या एखाद्या हौशी गृहस्थाला परदेशातली वापरलेली फोर बाय फोर गाडी मागवायची आहे. हौशी लोक आपल्याकडे कमी नाहीत. पेंच आणि ताडोबा हाकेच्या अंतरावर असल्यावर असली स्वप्ने पडतातच. सरकार त्या गृहस्थाला काय विचारते? गाडी बनून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. सुकाणू उजव्या बाजूला असावे. वेगमापक किलोमीटरमध्ये असावा, पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा. जहाजात चढवण्याच्या लगेच आधी गाडीची तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र असावे. इकडे आल्यावर अधिकृत संस्थेकडून पुन्हा तपासणी. पुढली पाच वर्षे ती रस्त्यावर धावण्यालायक राहील आणि त्या काळात तिची दुरुस्ती देशात होऊ शकेल याची हमी. उतरवायची ती मुंबईच्याच बंदरात, दुसरीकडे नाही. आणि एवढे करून किमतीहून जास्त कर: २०१३ च्या अर्थसंकल्पापासून वापरलेल्या मोटारींवर मूळ सीमाशुल्कच सव्वाशे टक्के झाले होते, २०२५ मध्ये त्याची मांडणी बदलली, ओझे हलके झाले नाही.

हे नियम चूक आहेत असे आम्ही म्हणत नाही. जगाचे भंगार आपल्या बंदरात येऊन पडू नये, इथल्या कारखान्यांचा धंदा बुडू नये, हे हेतू समजण्यासारखे आहेत. (पन्नास वर्षांहून जुनी गाडी मात्र २०२५ पासून परवान्याशिवाय आणता येते, कारण मग ती भंगार राहत नाही, वारसा होते. तिसऱ्या वर्षानंतर वाईट आणि पन्नाशीनंतर पुन्हा चांगली, असे माणसांच्या बाबतीतही होत असते तर काही प्राध्यापकांची सोय झाली असती.) असो. मुद्दा असा की या नियमावलीतली एकेक अट घेऊन ती १९४८ च्या करारापुढे ठेवा. जहाजात चढवण्याआधी खरी तपासणी? नाही. पुढे किती वर्षे चालेल याची हमी? नाही. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय? तिचा विचार नाही. महायुद्धातल्या जीप डाव्या सुकाणूच्या, तेव्हा आजचे सरकार ती अट लावून तो माल बंदरातूनच परत पाठवते. एका गाडीसाठी एका नागरिकाकडून राज्यसंस्था जेवढी सावधगिरी मागते, तेवढी दोन हजार गाड्यांसाठी तिने स्वतःकडून मागितली नव्हती. जीप प्रकरणाचा हा गाभा आहे. तो सांगायला मेनन यांना खलनायक करण्याचीही गरज पडत नाही.

मेनन यांचे समर्थक इथे म्हणतात की युद्ध चालू होते. काश्मीरमध्ये जवान लढत असताना निविदा मागवत बसायचे का? हा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. घाई होती हे मान्य. पण घाईचा अर्थ असा की माल लवकर आणि चालू स्थितीत पोचला पाहिजे. तपासणी टाळल्याने तो लवकर पोचत नाही, फक्त करार लवकर होतो. काश्मीरमधला युद्धविराम १ जानेवारी १९४९ रोजी लागू झाला. तोवर या करारातून सैन्याच्या हाती उपयोगाची एकही जीप पडलेली नव्हती. ज्या निकडीच्या नावाने नियम मोडले ती निकड भागली नाही, नियम मात्र मोडले ते मोडलेच. शिवाय त्याच सुमारास, १९४७ पासून, मुंबईत महिंद्रांनी विलिसच्या जीप आणून जोडायला सुरुवात केली होती. म्हणजे जीप म्हणजे काय, तिला कोणते भाग लागतात, ती कुठे मोडते, हे समजणारी माणसे या देशात होती. त्यांना विचारायला तारेचा खर्च फार आला नसता.

आता थोडे शब्दाविषयी. तो आमचा धंदा आहे. मराठीत ‘घोटाळा’ हा शब्द मुळात गोंधळाचा. नावात घोटाळा होतो, तारखेत घोटाळा होतो, सीतेच्या शोधात निघालेल्या मारुतीने अख्खा डोंगर उचलून आणला असे एखाद्या मुलाने लिहिले तर प्रसंगांचा घोटाळा झाला असे आपण म्हणतो. त्यात लबाडी गृहीत नसते. लबाडीसाठी आपल्याकडे शब्दांची तोटा नसलेली उतरंड आहे: लाच, वशिला, अफरातफर, अपहार, गैरव्यवहार, हलगर्जी, मनमानी. प्रत्येकाचा गुन्हा वेगळा, प्रत्येकाची शिक्षा वेगळी. गेल्या काही दशकांत वृत्तपत्रांनी ही उतरंड मोडून सगळ्यांच्या जागी एकच मडके ठेवले. परिणाम असा की मेनन यांनी स्वतःच्या खिशात काही घातल्याचे सिद्ध झालेले नसताना त्यांचे नाव लाचखोरांच्या यादीत पहिले येते, आणि त्यांच्याकडून जे निश्चित घडले, म्हणजे मनमानी आणि हलगर्जी, त्याला नावच उरत नाही. मनमानी हा दोष आहे असे आता कोणाला वाटतही नाही. ‘धडाडी’ हा तिचा नवा पर्याय. पैसे खाल्ले नाहीत ना, मग झाले, असे म्हणणारा वर्ग याच भाषिक आळसातून तयार झाला आहे.

पाठांतर जिथे संपते तिथून खरी कथा सुरू होते असे आम्ही म्हणालो तर अतिशयोक्ती होणार नाही. हिशेब तपासणीतून हा विषय संसदेच्या लोकलेखा समितीपुढे आला. समितीने १९५१ मध्ये कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि स्वतंत्र चौकशीची मागणी केली. सरकारने ती मानली नाही. वर्षे गेली. ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण सरकारपुरते संपले असे जाहीर केले, आणि विरोधकांचे समाधान नसेल तर त्यांनी हा निवडणुकीचा प्रश्न करावा अशा आशयाचे उत्तर दिले. फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले.

पंतांच्या त्या उत्तरावर आमच्या मते या देशात पुरेसे लिहिले गेलेले नाही. हिशेबाच्या प्रश्नाला मतांनी उत्तर देण्याची प्रथा तिथे उघडपणे बोलली गेली. मत आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदार उमेदवार निवडतो. तो करारातले तिसरे कलम वाचत नाही, आणि त्याने वाचावे अशी अपेक्षाही नसते. ते वाचायला लोकलेखा समिती असते. तिने वाचून दिलेला निष्कर्ष मतदानाने पुसता येत असेल तर महालेखापालाचे कार्यालय बंद करून ती इमारत निवडणूक आयोगाला द्यावी. आणि गंमत पाहा, हा प्रश्न निवडणुकीत गेलाच. मेनन १९५७ मध्ये उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि निवडून आले. १९६२ मध्ये आचार्य कृपलानींसारख्या ज्येष्ठ माणसाला त्यांनी तिथेच मोठ्या फरकाने हरवले. म्हणजे आपल्या मराठी मुलुखातल्या मतदाराने जीप प्रकरणावर दोनदा निकाल दिला, असे पंतांच्या न्यायाने म्हणावे लागेल. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईत मेनन पडले, पण तेव्हा गाजलेला मुद्दा जीपचा नव्हता. ते मराठी नाहीत, बाहेरचे आहेत, हा होता.

याच काळातले मुंदडा प्रकरण शेजारी ठेवून पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. आयुर्विमा महामंडळाच्या त्या गुंतवणुकीची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी १९५८ च्या सुरुवातीला जाहीरपणे, लोकांना बसू देऊन केली. आठवड्यांत अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. एकीकडे बंद केलेली फाइल, दुसरीकडे उघडलेले दार. आपल्या याद्यांत मात्र दोन्ही प्रकरणे एकाखाली एक, ‘पहिला घोटाळा’, ‘दुसरा घोटाळा’. व्यवस्था एकदा हरली आणि एकदा जिंकली, हा भेदच त्यात नाहीसा होतो, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात एवढेच उरते की सगळे चोर आहेत. असे वाटणारा मुलगा पुढे लोकलेखा समितीचा अहवाल कशाला उघडेल?

मराठी लेखकांना मेनन यांच्याविषयी आणखी एक लोभ आहे, तोही सांगून टाकतो. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याची ती कथा आपल्याला इतकी प्रिय आहे की तिच्या पूर्वरंगात मेनन जितके काळे रंगवता येतील तितके आपण रंगवतो, आणि जीप हा त्यातला हमखास रंग. यशवंतरावांचे मोठेपण याची वाट पाहत थांबलेले नाही. दुसरी बाजूही नोंदवावी: संरक्षणमंत्री असताना सैन्याची वाहने देशात बनवण्याचा आग्रह धरणाऱ्यांत मेनन होते. शक्तिमान ट्रक त्यांच्याच काळात जबलपूरला बनू लागले. पुढे तिथे स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला आणि निसानच्या आराखड्यावरची जोंगा तिथून तीसेक वर्षे निघत राहिली. जबलपूर आमच्या नागपूरपासून एका दिवसाच्या प्रवासाचे गाव. सैन्याने लिलावात काढलेल्या जोंगा जुन्या सात नंबरच्या महामार्गावर आम्ही विद्यार्थिदशेपासून पाहत आलो. डिस्पोजलचा माल म्हणून लोक त्या आवडीने घेत, मिस्त्री सोबत नेऊनच. हे सांगितल्याने १९४८ चा करार शुद्ध होत नाही. पण माणसाचे पान उघडायचे तर पूर्ण उघडावे.

हा विषय नागपुरातून लिहिण्याला एक कारण आहे. हिवाळी अधिवेशनाचे ते दोन आठवडे आम्ही दरवर्षी जवळून पाहतो. विधानभवनाच्या आसपास मोठाल्या चारचाकींची इतकी गर्दी होते की सिव्हिल लाइन्समध्ये पायी चालणे हीच जलद वाहतूक ठरते. मोर्चे येतात, अडवले जातात, निवेदने दिली जातात. आणि महालेखापालांचा अहवाल? तो अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी पटलावर ठेवायचा, म्हणजे चर्चेला वेळ उरत नाही, ही रीत इथे पक्षांच्या पलीकडे जाऊन पाळली गेली आहे. सत्तेत कोण आहे यावर फक्त तक्रार कोण करतो ते अवलंबून असते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्या अहवालाला जेमतेम दोन रकाने मिळतात. तीच वृत्तपत्रे २६ जानेवारीच्या पुरवणीत दोन हजार जीप आणि ऐंशी लाख पुन्हा छापतात.

पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या कराराविषयी संताप व्यक्त करायला काही लागत नाही. त्यात कोणी दुखावला जात नाही, कोणाची जाहिरात बंद होत नाही. गेल्या डिसेंबरमध्ये पटलावर ठेवलेल्या अहवालातले, आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या खरेदीविषयीचे परिच्छेद वाचायला लागतो तो वेळ, आणि लिहायला लागते ते थोडे धैर्य. लोकलेखा समितीचे जुने अहवाल आणि संसदेतल्या चर्चा आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या पाहता येतात. त्यांतली भाषा कोरडी आहे, पण मन लावून वाचणाऱ्याला तिच्यात नाट्य सापडते: सचिवाला विचारलेला साधा प्रश्न, त्याचे लांबलेले उत्तर, आणि सदस्याने पुन्हा विचारलेला तोच प्रश्न. मराठीत या वाङ्मयावर एकही धड समीक्षालेख आमच्या पाहण्यात नाही.

यंदा दोन ठिकाणच्या संयोजकांनी आम्हाला परीक्षक म्हणून विचारले, तेव्हा आम्ही विषय बदलून मागितला. ‘भ्रष्टाचार : एक कीड’ याऐवजी स्पर्धकांना महालेखापालांच्या ताज्या अहवालातली चार पाने आठवडाभर आधी द्यावीत आणि त्यावर सात मिनिटे बोलायला सांगावे, अशी सूचना केली. एका ठिकाणी ती मान्य झाली आहे. दुसऱ्या ठिकाणी विषय ‘क्लिष्ट’ वाटल्याचे कळवले आहे, आणि तिथे आम्ही जाणार नाही.